माणसं चार, गाद्या अकरा

गेल्या वैशाखात आमच्या घराचं वजन तीनशे बारा किलोंनी कमी झालं. हा आकडा भंगारवाल्याच्या काट्याचा आहे, त्यामुळे प्रत्यक्षात तो चारशेच्या घरात असणार. याच काळात माझं स्वतःचं वजन मात्र दीड किलोनं वाढलं. घराला जे जमलं ते तुम्हाला का जमत नाही, असं आमच्या डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "घराचं आमच्या मुलानं मनावर घेतलं होतं. माझं अजून कुणी मनावर घेतलेलं नाही."

सांगायची गोष्ट अशी, की आमचं घर 'मिनिमलिस्ट' झालं. ज्या भाग्यवंतांनी हा शब्द अद्याप ऐकला नसेल त्यांच्यासाठी खुलासा करतो. पूर्वी एखाद्या घरात काहीच सामान दिसलं नाही, की 'बिऱ्हाड अजून लागायचंय वाटतं,' असं लोक म्हणत. जरा फटकळ असले तर 'जप्ती आली होती काय?' असंही विचारत. आता त्याच अवस्थेला मिनिमलिस्ट म्हणतात आणि ती प्राप्त करून घेण्यासाठी साडेनऊ लाख रुपये मोजतात.

मी या पंथाचा कट्टर विरोधक आहे आणि हा लेख त्या विरोधासाठीच लिहिलेला आहे, हे आधीच सांगून टाकतो. ज्यांच्या घरी पांढरा सोफा असेल त्यांनी खुशाल पान उलटावं. न उलटता वाचलंत तर बरं. त्याच सोफ्यावर चहाचा कप हातात घेऊन वाचलंत तर फारच बरं.

सुरुवात केदारपासून झाली. केदार हा आमचा मुलगा. तो घरून काम करतो. म्हणजे दिवसभर दार लोटून परदेशातल्या माणसांशी बोलतो. बोलताना त्याच्या पाठीमागे जे असेल ते त्या माणसांनाही दिसतं. एकदा त्याच्या पाठीमागून मी बनियनवर, लोणच्याची बरणी घेऊन गेलो. त्या बैठकीला सहा देशांची माणसं होती म्हणे. संध्याकाळी केदार म्हणाला, "बाबा, आपल्या घरात फार पसारा झालाय. डोक्याला शांतता नाही." आता, पसारा या शब्दात लोणचं येतं की मी येतो, हे त्यानं स्पष्ट केलं नाही आणि मीही खोलात शिरलो नाही.

पुढच्याच रविवारी डिझायनर आली. सव्विशीची मुलगी, स्वभावानं अत्यंत गोड. आमच्या लहानपणी शाळेत डोकी तपासायला एक बाई येत. त्या आमच्या केसांकडे ज्या नजरेनं पाहत, त्या नजरेनं तिनं आमचं मुलुंडचं दोन बेडरूमचं घर पाहून घेतलं. मग आतल्या खोलीत, पत्र्याच्या ट्रंकांवर चादर झाकून ठेवलेला जो ढीग होता, त्याच्यासमोर ती थांबली.

"काका, याच्याखाली काय आहे?"

"गाद्या."

"किती आहेत?"

"अकरा."

"आणि घरात माणसं?"

"चार."

"तुम्ही चौघं खाली झोपता?"

"छे! पलंग आहेत की."

"मग या अकरा गाद्या कशासाठी आहेत, काका?"

मुलीनं प्रश्न अगदी साधा विचारला होता. मी तोंड उघडलं आणि मिटलं. चौतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला स्वतःच्या घरातल्या ठेवींचा हिशेब देता येईना. तिनं हातातल्या पाटीवर बोटानं काहीतरी खूण केली आणि ती पुढच्या खोलीत गेली. ते न सुचलेलं उत्तर हे या लेखाचं खरं कारण आहे. ते पुढे येईल. आधी विरोधकांचा समाचार घेऊ.

त्या दिवसापासून घरातल्या प्रत्येक वस्तूची मुलाखत सुरू झाली. ही पद्धत जपानच्या मारी कोंडो नावाच्या बाईंची. त्यांच्या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद 2014 साली निघाला आणि 2019 साली त्यांची मालिकाही नेटफ्लिक्सवर आली. पद्धत सोपी आहे. वस्तू हातात घ्यायची आणि मनाला विचारायचं, हिच्यामुळे आपल्याला आनंद होतो का? होत असेल तर ठेवायची. होत नसेल तर तिचे आभार मानून तिला निरोप द्यायचा.

मी नळाचा पाना हातात घेतला. आनंद झाला नाही. तो पाना आनंदासाठी आणलेलाच नव्हता. तो रविवारी सकाळी नळ निखळतो आणि प्लंबर फोन उचलत नाही त्या प्रसंगासाठी आणलेला होता, आणि त्या प्रसंगी त्याच्यामुळे जो होतो त्याला आनंद हा शब्द अपुरा आहे. मग कुकरची जादा रिंग घेतली. नाही. विम्याची पॉलिसी घेतली. तिच्यापासून आनंद व्हायचाच असेल तर तो इतरांना, आणि माझ्या पश्चात. रक्तदाब मोजायचं यंत्र घेतलं. आनंद राहिला बाजूला, त्यानं एकशे साठ दाखवले. एवढं होईपर्यंत आमची ही माझ्याकडे विचारमग्न नजरेनं पाहायला लागली होती. मी ताबडतोब भाजी आणायला बाहेर पडलो. उगाच हातात घेऊन मनाला विचारलं म्हणजे?

कोंडोबाईंबद्दल माझ्या मनात राग नाही. तीन मुलं झाल्यावर 2023 साली त्यांनी मोकळेपणानं सांगून टाकलं, की घर आवरायचं आता आपण बरंचसं सोडून दिलंय, मुलांबरोबर वेळ घालवणं जास्त महत्त्वाचं वाटतं. बाई प्रामाणिक आहे. पण गुरूनं पंथ सोडला तरी शिष्य सोडत नाहीत. आमच्या डिझायनरपर्यंत ही बातमी पोचलेली नव्हती आणि मला ती कळली तेव्हा आमचं घंगाळ गेलेलं होतं.

ती मुलगी बोलताना अधूनमधून 'लेस इज मोअर' असं म्हणत असे. कमी म्हणजेच जास्त. हेच मला कुणी कॅशच्या खिडकीवर सांगितलं असतं तर मी त्याला तिथेच बसवून इन्स्पेक्शन बोलावलं असतं. हे वचन मीस व्हान डेर रोह नावाच्या जर्मन वास्तुशिल्पकारामुळे गाजलं. या गृहस्थांनी अमेरिकेत शिकागोच्या बाजूला, फॉक्स नदीच्या काठी, ईडिथ फार्न्सवर्थ नावाच्या डॉक्टरीणबाईंसाठी एक घर बांधलं. 1951 साली ते पुरं झालं. चारही बाजूंना नुसती काच. आजही जगभरची माणसं ते पाहायला जातात. घरात राहायला मात्र त्या बाई होत्या. त्यांची तक्रार अशी, की स्वयंपाकघरात सिंकच्या खाली केराची बालदी ठेवायची म्हटलं, तर तीसुद्धा रस्त्यावरून दिसते. शेवटी पैशांवरून दोघांत अशी जुंपली, की प्रकरण कोर्टात गेलं. नदीसुद्धा पुढे काही वेळा पुराच्या निमित्तानं घरात येऊन गेली. तिला अडवायला काही सामान नव्हतंच.

माझं म्हणणं एवढंच, की घर म्हटलं की केर आला. हे ज्याला मान्य नसेल त्यानं घर बांधू नये, देऊळ बांधावं. अर्थात देवळातही निर्माल्य असतंच.

ही सर्व विद्वत्ता मी एका संध्याकाळी घरी मांडली. ही मेथी निवडत होती. माझं बोलणं संपेपर्यंत तिनं जुडी संपवली आणि म्हणाली, "झालं? आता मला एकच सांगा. त्या घंगाळावरची धूळ गेली चाळीस वर्षं कोण पुसतंय? दर दिवाळीला चिंच लावून कोण घासतंय?"

मी गप्प बसलो.

"माळ्यावरची पिंपं कोण उतरवतं? गाद्यांना उन्हं कोण दाखवतं? तुम्हाला आठवणी येतात, मला शिंका येतात."

वाचकहो, मिनिमलिस्टांच्या बाजूनं खरा मुद्दा कुठला असेल तर तो हा आहे, आणि तो त्यांच्या कुठल्याही पुस्तकात न सापडता माझ्याच स्वयंपाकघरात सापडला. आम्हा पुरुषांचं वस्तुप्रेम बायकांच्या फडक्यावर पोसलेलं असतं. आपण 'हे आजोबांचं हो!' म्हणून पाहुण्यांना दाखवायचं आणि पाहुणे गेल्यावर ते जिथल्या तिथे ठेवायचं तिनं. या मुद्द्याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मतदान झालं. तीन विरुद्ध एक असा ठराव पास झाला. सूनबाईंनी माझ्याकडे पाहत जरा हळू हात वर केला, एवढीच काय ती सहानुभूती.

एका जागी मात्र ठराव फिरला. देवघराची पाळी आली तेव्हा ती मुलगी म्हणाली, "काकू, इथे एकच मूर्ती ठेवू या का? मागून मंद प्रकाश. खूप सुंदर दिसेल." ही म्हणाली, "यातला बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा मी माहेराहून आणलेत. ते निघाले तर मीही निघेन. प्रकाश मागून सोडा नाहीतर पुढून." देव सगळेच्या सगळे राहिले. प्रकाशही राहिला. तो इतका मंद आहे, की वाती लावायला ही मोबाईलची बॅटरी पेटवते.

बाकी सगळं गेलं. पाटा-वरवंटा गेला, पराती गेल्या, घडवंची गेली, ट्रंका गेल्या. सहा किलोंचं तांब्याचं घंगाळ वजनावर गेलं. गाद्या घ्यायला भंगारवाला तयार होईना, तेव्हा त्या आम्ही इमारतीच्या वॉचमनला दिल्या. त्याची खोली जिन्याखाली, आठ बाय आठ. त्यानं दोनदा विचारलं, सगळ्या देताय? नक्की देताय? मग चार त्यानं ठेवून घेतल्या आणि उरलेल्या सात त्याचे गाववाले येऊन डोक्यावरून घेऊन गेले.

आषाढात काम संपलं. घर सुंदर झालं, हे खोटं कशाला सांगू? आत आलं की आपण दुसऱ्याच कुणाच्या तरी घरी आलोय, असं वाटून माणूस आपोआप चप्पल नीट काढतो. भिंतींचा रंग पांढरा नाही, ऑफव्हाइट आहे. म्हणजे पांढऱ्यापेक्षा महाग. कपाटांना मुठी नाहीत. दाबलं की उघडतात. पहिल्याच दिवशी मी भिंत समजून कपाटाला टेकून उभा राहिलो, तर माझ्या पाठीमागून इस्त्रीचं टेबल बाहेर आलं.

हॉलच्या कोपऱ्यात एक पितळी घंगाळ आलं. आमचं वजनावर गेलं होतं, हे नगावर आलं. यात पाणी घालून फुलं सोडायची. याला म्हणे 'स्टेटमेंट पीस' म्हणतात. इतक्या रिकाम्या घरात एकच वस्तू अशी ठेवायची, की तिनं आपल्याबद्दल काहीतरी बोललं पाहिजे. आमचं जुनं घंगाळ आयुष्यात कधी काही बोललं नाही. त्यातल्या पाण्यानं माझ्या आजोबांपासून केदारपर्यंत सगळ्यांच्या दिवाळीच्या आंघोळी झाल्या, एवढंच.

आणखी एक शोध मला लागला. घर रिकामं दिसायला फार कपाटं लागतात. आमच्या साडेनऊ लाखांपैकी निम्म्याहून अधिक रक्कम भिंतींच्या आत गेली आहे. जपानी माणसाच्या रिकाम्या खोलीचं चित्र दाखवून आपल्याला लाजवतात, पण त्या खोलीच्या भिंतीत 'ओशिइरे' नावाचं भलंमोठं खोल कपाट असतं, ते चित्रात उघडं नसतं. रात्री गाद्या बाहेर, सकाळी घडी घालून आत. आणि सधन जपानी घरांच्या आवारात पूर्वी 'कुरा' नावाची जाड भिंतींची स्वतंत्र कोठी असे. हंगामाप्रमाणे त्यातल्या वस्तू घरात यायच्या आणि परत जायच्या. रिकामी खोली ही गोदाम असलेल्यांची चैन आहे. ज्यांना गोदाम नाही त्यांच्याजवळ पैसा हवा. आज फेकलं आणि उद्या लागलं, तर 'दहा मिनिटांत मागवू की,' असं केदार म्हणतो. मागवता येतं, हे खरं आहे. मुंबईत आता दहा मिनिटांत कोथिंबीर येते, चार्जर येतो, मीठ येतं. पण दहा मिनिटांत काय येत नाही, ते मला श्रावणात कळलं.

राजापूरहून दत्ताचा फोन आला. दत्ता माझा चुलतभाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी लहान.

"दादा, हिच्या गळ्याला गाठ आलीय. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी परळला टाटामध्ये दाखवायला सांगितलंय. सोमवारी निघतोय."

आमच्याकडे कोकणात 'उतरू का?' असं विचारत नाहीत. 'निघतोय' म्हणतात आणि पलीकडच्यानं 'या' म्हणायचं असतं. मी 'या' म्हणायला तोंड उघडलं आणि समोर पाहिलं. समोर पांढरा सोफा होता, बसायला तीन माणसांचा आणि झोपायला एकाही नाही. गुळगुळीत जमीन होती. अकरा गाद्यांच्या जागी केदारचं टेबल होतं आणि मागे दिसण्यासाठी एक कुंडी.

"अरे, सध्या घराचं काम काढलंय ना आम्ही," मी म्हणालो.

काम संपून महिना झाला होता.

"हां हां," दत्ता घाईघाईनं म्हणाला, "मग राहू दे, दादा. तू नको काळजी करू. बघतो मी."

फोन ठेवला आणि मी त्या घंगाळातली फुलं बघत बसलो.

लालबागच्या आमच्या चाळीतली खोली दहा बाय बाराची होती. मी आठ वर्षांचा असताना, 1963 साली, याच दत्ताची आई, आमची धाकटी काकू, परळलाच उपचारासाठी आली आणि अडीच महिने आमच्याकडे राहिली. दोन वर्षांचा दत्ता तिच्या कडेवर. आम्ही घरातली सहा माणसं, वर ती दोघं, आणि तिला भेटायला म्हणून गावाहून येणारं निदान एकजण तरी रोजचं. रात्री खोलीत गाद्यांना गादी लागलेली असे. वडील आणि मी बाहेर गॅलरीत. सकाळी साडेसहाला सगळ्या वळकट्या ट्रंकांवर चढत, वर चादर पडे, आणि ती खोली अशी मोकळी होई, की कुठल्याही मासिकानं फोटो काढून न्यावा. एक ट्रंकांची रांग, एक फडताळ, कपड्यांची दोरी. 'मिनिमलिस्ट' म्हणतात ते आम्ही बारा तास होतो. उरलेल्या बारा तासांत आम्ही धर्मशाळा होतो.

काकू बरी होऊन गावी गेली. त्या अडीच महिन्यांत आई एकदाही 'जागा नाही' असं म्हणाल्याचं मला आठवत नाही. ती माणसं मोजत नसे, गाद्या मोजत असे. महिन्याच्या खर्चातून चार पैसे उरले, की पिंजारी बोलावून जुना कापूस पिंजून घ्यायची आणि एक गादी भरून घ्यायची. माणूस आधी ठरायचं नाही, गादी आधी ठरायची. ट्रंकेवर रचून ठेवलेली प्रत्येक जादा गादी म्हणजे गावी धाडलेलं एक पोस्टकार्ड असायचं: या.

हेच उत्तर मला त्या मुलीला द्यायचं होतं. अकरा गाद्या कशासाठी, काका? दत्तासाठी, बाळ. फोन यायच्या आधीपासून.

आता मिनिमलिस्टांना माझा खरा प्रश्न. साधेपणाला माझा विरोध नाही. तो आमच्या तीन पिढ्यांनी पाळला, त्याला इंग्रजी नाव आहे हे माहीत नसताना पाळला. पण सामान कमी करायचं ते कशासाठी? हे लोक ज्या थोरोसाहेबांचं नाव घेतात, ते 1845 साली अमेरिकेत वॉल्डन नावाच्या तळ्याकाठी दहा बाय पंधरा फुटांच्या झोपडीत राहायला गेले. घरात तीन खुर्च्या. टेबलावरचे तीन दगड रोज पुसावे लागतात म्हणून त्यांनी खिडकीतून फेकून दिले. इथपर्यंत सगळे सांगतात. पण याच गृहस्थांनी लिहून ठेवलंय, की त्या झोपडीत आपण एका वेळी पंचवीस-तीस माणसं घेतली आहेत. दहा बाय पंधरात तीस! हा माणूस तळ्याकाठी राहत असला तरी वृत्तीनं लालबागचाच होता. दगड फेकले ते माणसं मावावीत म्हणून, असं मी त्याचं भाष्य करतो.

आणि तळ्याकाठी तरी कशाला जायचं? आपल्या गाडगेबाबांची एकूण मालमत्ता किती? अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि एक मडक्याचं खापर. यांच्यापेक्षा मोठा मिनिमलिस्ट दाखवा. आणि त्यांनी जन्मभर बांधलं काय? पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा. स्वतःजवळ काही ठेवायचं नाही आणि दुसऱ्याला पाठ टेकायला जागा करायची, असा तो साधेपणा होता. आमच्या साधेपणात पाठ टेकली की इस्त्रीचं टेबल बाहेर येतं.

म्हणून माझी कसोटी कोंडोबाईंपेक्षा सोपी आहे. वस्तू काढली आणि माणसाला जागा झाली, तर काढलीत ते उत्तम. वस्तू काढली आणि माणसाचीही जागा गेली, तर तुम्ही घर आवरलं नाहीत, दार लावलंत.

हे सगळं मी त्या रात्री हिला सांगितलं. खोटं बोललो तेही सांगितलं. मला वाटलं, ही म्हणेल, तेव्हा सुचलं नाही का? ती म्हणाली, "गाद्या द्यायला मीच हात वर केला होता. फोन लावा." दत्तानं उचलला नाही. दोन दिवस उचलला नाही. तिसऱ्या दिवशी कळलं, दोघं दादरला गाडगे महाराजांच्या नावानं चालणाऱ्या धर्मशाळेत उतरलेत. बाबांनी माझी चूक परस्पर दुरुस्त करून टाकली होती.

आम्ही डबा घेऊन गेलो. देशभरातून आलेले पेशंट आणि त्यांच्यासोबतची माणसं. कुणी कुणाला ओळखत नव्हतं आणि सगळे एकमेकांना पाणी भरून देत होते. वहिनीच्या तपासण्या झाल्या होत्या, निकाल यायला सहा दिवस होते. ही म्हणाली, "चला घरी." दत्ता माझ्याकडे न बघता म्हणाला, "वहिनी, काम चालू आहे ना घरात?"

"संपलं," मी म्हणालो. "कालच."

दत्ता हसला. त्याला कळलं होतं. कोकणातल्या माणसाला कळतं, पण तो बोलून दाखवत नाही. निदान पहिल्या दिवशी नाही.

रात्री केदारनं आणि सूनबाईंनी आपली खोली त्या दोघांना दिली. मग ती दोघं कुठे झोपणार, हा प्रश्न आला. केदार काही न बोलता खाली गेला आणि पाच मिनिटांनी डोक्यावर दोन गाद्या घेऊन वर आला. आमच्याच. वॉचमनच्या खोलीतून आणलेल्या. आठ बाय आठमध्ये त्यानं चारही जपून ठेवल्या होत्या. त्याला आम्ही जादा गाद्या कशाला रे, असं विचारलं नव्हतं, विचारण्यासारखं नव्हतंच. त्याच्याकडेही गावाहून माणसं येतात.

सकाळी केदारची बैठक होती. गुंडाळलेल्या दोन वळकट्या त्याच्या पाठीमागे, कुंडीच्या शेजारी. मी दाराआडून ऐकत होतो. ओसाकाच्या माणसानं विचारलं, "फुतोन?" केदार म्हणाला, "हो."

वहिनीची गाठ साधी निघाली. दत्तानं गावी गेल्यावर फणसाची साठं पाठवली. ती कुठे ठेवायची, यावर घरात चर्चा चालू आहे. मी सहा गाद्या नव्यानं भरून घेतल्या. हिची अट एकच होती: उन्हं दाखवणं, झटकणं आणि वरची धूळ पुसणं माझ्याकडे. मी मान्य केली. गेले तीन महिने दर रविवारी मी गच्चीवर गाद्या नेतो. चाळीस वर्षांच्या शिंकांची थकबाकी फेडतो आहे. वजनही सव्वा किलोनं उतरलं आहे.

परवा डिझायनर मुलगी आपल्या कामाचे फोटो काढायला आली. हॉल झाला, स्वयंपाकघर झालं, आणि आतल्या खोलीत येऊन ती थांबली. केदारचं टेबल खिडकीशी सरकलेलं, आणि भिंतीला लागून, चादरीखाली झाकलेला ढीग.

"काका, हे काय?"

मी तोंड उघडलं. पण त्याआधी ही फडकं माझ्या हातात देत म्हणाली,

"स्टेटमेंट पीस."